‘नाही’चं बटण

तपासणी येणार असं कळलं की मला बसवत नाही. ही खोड सिमेंट कारखान्यातली. गडचांदूरकडच्या एका कारखान्यात मी वीसेक वर्षं कागदपत्रं सांभाळली, म्हणजे खरं तर तपासणीसाठी कारखाना सजवला. साहेब यायच्या दोन दिवस आधी रस्त्याकडेच्या दगडांना चुना लागायचा, गोदामातली नवी हेल्मेटं बाहेर यायची, आणि वर्षभर कोरी राहिलेली रजिस्टरं मी तीन वेगवेगळ्या पेनांनी भरायचो. एकाच पेनानं भरलेलं रजिस्टर नवशिकासुद्धा ओळखतो. मधल्या एखाद्या पानावर चहाचा कप टेकवायचा, एखादी सही रेघेबाहेर जाऊ द्यायची. या कलेत माझा हात धरणारा कोणी नव्हता आणि मला त्याचा अभिमान होता, हेही सांगून टाकतो. तपासणीच्या आठवड्यात मी जेवतानाही दोनदा उठायचो. बायको म्हणायची, बुडाला काटे आहेत की काय तुमच्या.

निवृत्त झाल्यावर घरी बसणं जमणार नव्हतंच. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात रिकामा माणूस घरी बसला की दिवसभर कूलरशी भांडतो. एका ओळखीच्यानं मला सिंदेवाहीच्या एका संस्थेत चिकटवलं. संस्था लहान. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खाली खताचं दुकान, आणि युरियाचा वास फुकट. काम मात्र जिवाशी गाठ असलेलं. जंगलाला लागून असलेल्या गावांच्या कडेला कॅमेरे लावले होते. कॅमेऱ्यासमोर काही हललं की फोटो निघायचा, आणि संगणकातली कृत्रिम बुद्धी तो पाहून ठरवायची की हा वाघ आहे की दुसरं काही. तिला वाघ वाटला तर फोटो आमच्या ऑफिसातल्या पडद्यावर यायचा. तिथं एक माणूस बसलेला हवा, असा नियम. त्यानं फोटो पाहायचा आणि दोनपैकी एक बटण दाबायचं, ‘होय’ किंवा ‘नाही’. ‘होय’ दाबलं की त्या गावातला भोंगा वाजायचा. ‘नाही’ दाबलं की काहीच व्हायचं नाही.

त्या खुर्चीत एक बाई बसायची. पंचेचाळिशीची, जवळच्याच गावची, घर तलावातल्या मासोळीवर आणि दीड एकर धानावर चालणारं. दहावी झालेली. सकाळी सहाला यायची, डबा खिडकीत ठेवायची आणि दुपारपर्यंत, म्हणजे लोक रानात असतात तोवर, पडद्यासमोरून हलायची नाही. तिचं ते न हलणं मला सहन व्हायचं नाही. तिच्या टेबलावर संस्थेचा, बटणांचा एक साधा फोन होता. तो सारखा वाजायचा आणि ती त्यावर हळू आवाजात काहीबाही बोलत राहायची. कामाच्या वेळी गावगप्पा चालतात, अशी तक्रार मी संचालकांकडे पहिल्याच महिन्यात केली होती. माझा स्वभावच तसा आहे, आधी तक्रार करायची आणि मग चौकशी.

मग जिल्ह्याहून पत्र आलं. नियम अजून पक्के झाले नव्हते, पण होणार होते. जिथं माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे तिथं अशी बुद्धी वापरणाऱ्या संस्थांनी आपली तयारी स्वतः तपासून कळवावी, असं त्यात होतं. सोबत आठ पानांचा फॉर्म. यंत्र कोणी बनवलं, चुकलं तर जबाबदार कोण, लोकांना तक्रार कुठं करता येते. आमचे संचालक तरुण, पुण्यात शिकून आलेले, मनानं चांगले आणि पोटानं घाबरट. त्यांनी फॉर्म माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, काका, हे तुमचं क्षेत्र. मला स्फुरण चढलं. आठ पानांतली सात मी दोन दिवसांत भरून टाकली.

आठव्या पानावर अडलो. तिथं विचारलं होतं, यंत्राचा निर्णय माणसानं किती वेळा बदलला? सोबत नोंदी जोडाव्यात, तपासणाऱ्याच्या सहीसह.

मी संगणकातल्या नोंदी काढल्या. बाई खुर्चीत बसली त्या दिवसापासून ‘होय’, ‘होय’, ‘होय’. ‘नाही’ एकदाही नाही. मला वाटलं, यंत्र फारच हुशार दिसतं. म्हणून फोटो उघडून पाहिले. वाघ होते, नाही असं नाही. पण गायी होत्या, रानडुकरं होती, बांबूच्या सावलीचे पट्टे पडलेली एक म्हैस होती, आणि कुंपणावर वाळत घातलेलं पिवळ्या पट्ट्यांचं पांघरूण होतं. त्या पांघरुणालाही बाईनं ‘होय’ म्हटलं होतं. त्या दिवशी एका अख्ख्या गावात पांघरुणासाठी भोंगा वाजला होता.

संचालकांनी फोटो पाहिले आणि डोकं धरून बसले. देखरेखीला माणूस आहे, या एका गोष्टीवर संस्थेला परवानगी मिळाली होती. तो माणूस नुसताच मान डोलावतो हे वर कळलं तर संस्था गुंडाळावी लागेल, आणि सगळ्यात आधी जाईल ती बाईची नोकरी. मग माझ्याकडे न बघता म्हणाले की मागच्या नोंदी थोड्या नीट करता येतील का. ते काय म्हणताहेत ते मला पहिल्या शब्दालाच कळलं. या प्रश्नासाठी तर मी वीस वर्षं तयारी केली होती.

मी चाळीसेक फोटो निवडले. सगळे निवडणं म्हणजे मूर्खपणा, कोणी विश्वास ठेवत नाही. अध्येमध्ये दोन-तीन चुकाही तशाच ठेवल्या. एक वही घेतली, तारखा टाकल्या, ‘यंत्र म्हणाले वाघ, तपासणीत गाय, निर्णय बदलला’ असं तीन पेनांनी लिहिलं. भोंगा तर वाजला होता, त्याचं काय? त्यासाठी ‘निर्णय बदलला, पण तांत्रिक अडचणीमुळे भोंगा थांबला नाही’ असा एक शेरा शोधून काढला. तो सुचल्यावर मी खोलीत दोन फेऱ्या मारल्या, इतका खूश होतो. उरल्या फक्त बाईच्या सह्या.

ती दुपारी काम संपवून घरी गेली होती. मला दुसऱ्या दिवसापर्यंत धीर कुठला? वही डिकीत टाकली आणि मोटरसायकल काढली. मोहफुलांचे दिवस होते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी तो गोडसर वास आणि ऊन असं की हँडल धरवत नव्हतं. बाई तलावाच्या पाळीवर नवऱ्यासोबत जाळं सोडवत बसली होती. मला पाहून नवरा उठला आणि पाणी आणायला घराकडे गेला. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. परवानगीचं, फॉर्मचं, तिच्या नोकरीचं. वही उघडून सहीच्या जागा दाखवल्या.

तिनं जाळ्यातून हात काढून पुसले आणि सगळी पानं वाचली. एकेक ओळ. मी तोवर पाळीवर येरझाऱ्या घालत होतो. वाचून झाल्यावर तिनं वही मिटून माझ्याकडे दिली.

"भाऊ, मी कधी नाई म्हटलं नाई. मंग मी म्हटलं असं काऊन लिवता?"

मी चिडलो. मी म्हटलं, का म्हटलं नाही तेच तर विचारतोय. पांघरूण आणि वाघ यातला फरक तुला कळत नाही का? माझा आवाज चढला होता, पलीकडे भांडी घासणाऱ्या बाया वळून पाहू लागल्या. ती मात्र चिडली नाही. तिनं मला बसायला सांगितलं आणि आपल्या बापाची गोष्ट सांगितली.

ती लहान होती तेव्हा बाप एका सकाळी रानातून परत येत होता. वाटेत शेजारची बाई भेटली, सरपणाला निघालेली. तिनं विचारलं, तिकडे काही आहे का? तो त्याच वाटेनं आला होता, त्याला काही दिसलं नव्हतं. तो म्हणाला, काही नाही, जा. ती गेली आणि संध्याकाळी माणसं तिला उचलून घेऊन आली. बापाला कोणी एका शब्दानं बोललं नाही. तिच्या नवऱ्यानंही नाही. पण त्या दिवसापासून बापानं कुठल्याच प्रश्नाला ‘नाही’ म्हणणं सोडलं. भात शिजला का म्हटलं तरी म्हणायचा, पाहून घे. मरेपर्यंत तसाच. आणि तसंही, बाई म्हणाली, त्यांच्याकडच्या कुठल्याच गावात रानात जाणाऱ्याला कोणी ‘काही नाही, जा’ म्हणत नाही. असेल तर ‘घरीच राहा’ म्हणतात आणि दिसलं नसेल तर ‘पाहून जाजो’, म्हणजे बघून जा, म्हणतात. त्याच्या पलीकडचं बोलायचा अधिकार माणसाला नाही.

मी म्हटलं, हे ठीक आहे, पण भोंगा गायीसाठी वाजला की लोक भोंग्याला भीक घालत नाहीत, हे तुला कळतं का?

"म्हणून तं फोन करतेत ना," ती म्हणाली. "भोंगा वाजला का बाया मले पुसतेत. खरंच दिसला असन तं घरी राहा म्हणतो. नाई तं पाहून जाजो. त्यायले समजते."

तो सारखा वाजणारा फोन. ज्या गावगप्पांची मी तक्रार केली होती, त्या या. यंत्रावरची माणसाची देखरेख रोज माझ्या कानाशी चालू होती आणि मी तिच्यावर चिडत होतो. मला तिथंच लाज वाटली, आणि लाज वाटली की मला अजूनच राग येतो. मी म्हटलं, सही केली नाहीस तर नोकरी जाईल. ती म्हणाली, गेली तं गेली. नवरा पाणी घेऊन आला. मी ते उभ्यानं प्यालो आणि निघालो.

बाई सही करत नाही असं संचालकांना सांगितल्यावर त्यांनीही दुसरा मार्ग धरला. तिला काही दिवस घरी थांबायला सांगू, नवीन माणूस ठेवू, त्याच्या ‘नाही’च्या नोंदी जमल्या की फॉर्म पाठवू. पत्रातल्या मुदतीला अजून आठवडा होता. नवीन माणूस मिळेपर्यंत खुर्चीत कोण? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं. मनात हेही होतं की पहिली खरी ‘नाही’ची नोंद माझीच होऊ दे. गाय ओळखायला काय लागतं?

पहिल्या दिवशी सकाळी सहाला मी चहा घेऊन बसलो. तासभर काही आलं नाही. मी खुर्ची मागं सरकवली, पुढं घेतली, खिडकी उघडली, बंद केली. मग पडद्यावर फोटो आला. यंत्रानं लाल चौकट काढून ‘वाघ’ लिहिलं होतं. चौकटीत गाय होती. शिंग स्पष्ट, गळ्यात दावं, अंगावर झाडाच्या फांद्यांची सावली. शेजारी आणखी दोन गायी. मला हसू आलं. मी माउस ‘नाही’वर नेला आणि बोट ठेवलं.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

पलीकडे एक बाई होती, ज्या गावच्या कॅमेऱ्याचा फोटो समोर होता त्याच गावची. भोंगा तर अजून वाजलाच नव्हता. पण मोहाच्या दिवसांत बाया निघायच्या आधीच विचारून घेतात, हे मला तेव्हा कळलं. तिनं आमच्या बाईला फोन द्या म्हटलं. मी म्हटलं, ती आज नाही, मी आहे. मग ती म्हणाली, नाल्याच्या बाजूला मोह पडून आहे, टोपली घेऊन दारात उभी आहे.

"जाऊ का, भाऊ?"

आता पुढचं मी कोणालाही पटवून देऊ शकणार नाही. समोर गाय होती. माझं बोट बटणावर होतं. ‘हो, जा, काही नाही’ एवढंच म्हणायचं होतं, आणि ते माझ्या तोंडातून निघेना. त्या बाईचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. मला नुसती टोपली दिसत होती. ती पुन्हा म्हणाली, भाऊ? मी म्हटलं, दोन मिनिटं थांब. फोन टेबलावर तसाच ठेवला आणि माझ्या मोबाइलवरून आमच्या बाईच्या घरी लावला.

ती घरीच होती. मी घाईघाईनं सांगितलं, गाय आहे, चक्क गाय, पण एक बाई नाल्याकडे जाऊ का विचारतेय. वाटलं, ती म्हणेल की पाहून जाजो म्हणा. तिनं उलट मलाच विचारलं, किती गायी आहेत? तीन. चरून राह्यल्या का?

मी पडद्याजवळ वाकलो. यंत्रानं चौकट काढली होती ती एकाच गायीभोवती, आणि मीही तीच पाहत होतो. बाकीच्या दोघींकडे माझं लक्ष गेलंच नव्हतं. एकही चरत नव्हती. तिघींच्या माना वर होत्या, कान ताठ, आणि तिघी एकाच दिशेला पाहत होत्या. मी म्हटलं, चरत नाहीत. डावीकडे पाहताहेत.

"डावीकडे तं नाला हाय," ती म्हणाली. "तिले घरीच राहू द्या."

मी दुसरा फोन उचलला आणि त्या बाईला सांगितलं, घरीच राहा. तिनं विचारलं, आमच्या बाईनं म्हटलं का. मी हो म्हटलं. ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला. मग मी ‘होय’ दाबलं. नोंद झाली: यंत्र म्हणालं वाघ, माणूस म्हणाला होय. तपासणारा, मी.

नाल्यात वाघ होता की नव्हता, मला आजही माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. त्या बाईचं त्या दिवसाचं मोह हरणांनी खाल्लं, एवढं नक्की. मी मात्र दुपारपर्यंत दुसरा फोटो येऊ नये म्हणून देवाला विनवत होतो. आमची बाई हे रोज करत होती, आणि ती शांत बसते म्हणून मी तिच्यावर चरफडत होतो.

दुपारी मी ती तीन पेनांची वही फाडली. संचालकांसमोरच फाडली, म्हणजे नंतर मोह व्हायला नको. मी त्यांना म्हटलं, आठव्या पानावर शून्य लिहितो आणि शून्य का ते खाली लिहितो. त्यांनी समजावून पाहिलं. वर लोक आकडे बघतात, काका, गोष्टी वाचत नाहीत. ते खरंच होतं. मीही आयुष्यभर याच भरवशावर रजिस्टरं भरली होती. पण मी म्हटलं, तुम्ही एक सकाळ या खुर्चीत बसा, फोन तुम्ही उचला, आणि मग जे सांगाल ते लिहितो. त्यांनी फोनकडे पाहिलं. ते बसले नाहीत. संध्याकाळी त्यांनी बाईला परत बोलावून घेतलं.

मी खुलासा लिहायला घेतला. चार पानं झाली. यंत्र गायीलाही वाघ म्हणतं, हे लिहिलं. तपासणाऱ्यानं एकदाही ‘नाही’ दाबलेलं नाही, मीसुद्धा नाही, हे लिहिलं. त्यामुळे भोंगा उगाच वाजतो आणि लोकांचा त्यावरचा विश्वास उडत चाललाय, हा दोषही लपवला नाही. खरी तपासणी फोनवर होते, ती आजवर कुठंच नोंदली गेली नाही, इथून पुढं फोनशेजारी वही राहील आणि प्रत्येक फोन त्यात लिहिला जाईल, असं लिहिलं. कारखान्याच्या वीस वर्षांत मी एवढं खरं एकाच कागदावर कधी लिहिलं नव्हतं, आणि लिहिताना खोटं लिहिण्यापेक्षा दुप्पट वेळ लागला. सारखा उठत होतो. पाणी पीत होतो. यानं संस्था बुडाली तर खापर माझ्याच डोक्यावर फुटणार होतं.

सही तिचीही लागणार होती, म्हणून सकाळी ती आल्यावर मी तिला चारही पानं वाचून दाखवली. ती मान खाली घालून ऐकत होती. एका वाक्यावर तिनं मला थांबवलं. मी लिहिलं होतं, ‘सदर महिला तिच्या प्रदीर्घ अनुभवाच्या आधारे निर्णय घेते.’ मला ते वाक्य फार आवडलं होतं.

"अनुभव नोका लिवू, भाऊ," ती म्हणाली. "भेव लिवा. मले भेव लागते, म्हणून माह्या हातून नीट पायणं होते. मशीनले भेव नाई ना."

मी म्हटलं, सरकारी कागदात असं लिहीत नाहीत. वाचणारा हसेल. तिनं विचारलं, काल सकाळी तुम्हाला भीती वाटली की नाही? ती माझ्याकडे पाहत राहिली, तिची ती न हलण्याची सवय. मग मी पेन घेतलं, ‘प्रदीर्घ अनुभवाच्या’ हे शब्द खोडले आणि वर ‘भीतीच्या’ असं लिहिलं. खाडाखोड दिसत होती. स्वच्छ प्रत पुन्हा काढावी, असं माझ्या मनात आलंही.

तिनं तोवर त्याच कागदावर सही केली होती. मी तिच्या खाली माझी केली, आणि फोन वाजला म्हणून ती तिकडे वळली.